शल्कपर्णे : धानाच्या तुसापासून कामठीच्या खडकापर्यंत

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, वैनगंगा आणि तिला मिळणारी चुलबंद या नद्यांच्या खोऱ्यात पसरलेल्या लाखांदूर तालुक्यात दिघोरी हे गाव असून, या मुलुखातील बहुतेक गावांप्रमाणे त्याचेही वर्ष धानाच्या पिकाबरोबर सुरू होते आणि धानाच्या पिकाबरोबरच सरते. मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकावेत, चिखल करून बांधीत रोवणी उरकावी, आणि भाद्रपद-आश्विनाच्या संधीला धान निसवू लागले म्हणजे धुऱ्यावरून फिरताना यंदा दाणा किती भरेल याचा अंदाज बांधावा, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या नुकत्याच निसवलेल्या लोंबीकडे, सकाळचे ऊन चढल्यावर, कोणी वाकून पाहील तर त्याच्या दृष्टीस असा एक व्यापार पडेल, की ज्याची शास्त्रीय कैफियत ऐकल्यावर पान म्हणजे काय याविषयीची आपली नेहमीची समजूत पुष्कळच विस्तारावी लागते.

लोंबीवरील इवल्याशा फुलाला पाकळ्या नसतात. दोन हिरवट, खरखरीत, नावेच्या आकाराची कवचे एकमेकांत घट्ट अडकलेली असतात, आणि त्यांच्या आत सहा पुंकेसर व एक अंडाशय एवढाच संसार असतो. ऊन तापू लागले की ही कवचे हळूहळू दूर होतात, पुंकेसर बाहेर लोंबतात, पराग झडतात, आणि सुमारे तासाभरात कवचे पुन्हा मिटतात, ती कायमचीच. पुढे दाणा भरतो तो या मिटलेल्या कवचांच्या आत, आणि गिरणीत त्यांनाच आपण तूस म्हणून वेगळे करतो. ही कवचे उघडतात तरी कशाने? त्यांच्या तळाशी, डोळ्याला जेमतेम दिसतील अशी, दोन मांसल शल्के असतात. फुलण्याच्या वेळी ती पाणी शोषून फुगतात आणि बाहेरच्या कवचाला आतून रेटतात, आणि काम होताच पाणी गमावून सुकून जातात. म्हणजे बाहेरचे तूस हे फुलाच्या देठाशी येणाऱ्या पर्णांचे, अर्थात सहपत्रांचे, रूप. आणि आतली दोन शल्के ही, इतर फुलांत ज्या पाकळ्या म्हणून मिरवतात, त्यांच्या जागी आलेली. ज्या धानावर सारा पूर्व विदर्भ जगतो, त्याचे फलन या खवल्यांच्या उघडझापीवर अवलंबून आहे, हे मला त्या पिकाविषयीच्या सर्व माहितीत अत्यंत मोलाचे वाटते.

तुसाची आणखी एक हकीकत येथेच सांगून टाकणे इष्ट होईल. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो, आणि तूस जाळले असता जी राख उरते तिच्यात बहुतांश सिलिका, म्हणजे वाळूचाच मुख्य घटक, असते. गवताच्या कुळातील वनस्पती मातीतून सिलिका शोषून पेशींमध्ये साठवितात, आणि त्या पेशींच्या आकाराचे काचेसारखे सूक्ष्म कण वनस्पती कुजून गेल्यावरही मातीत शिल्लक राहतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांच्या शेणाचे जे जीवाश्म सापडतात, त्यांत गवतांचे असे कण असल्याचे २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले, तेव्हा डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हतेच हा प्रचलित सिद्धान्त मोडीत निघाला. आणि २०११ मध्ये त्याच अभ्यासकांनी पुढे जाऊन, त्या काळच्या दख्खनच्या गवतांत आजच्या धानाच्या गणगोतापैकी काही होती, असे दाखविले. दिघोरीच्या बांधीपासून पिसदुरा फार दूर नाही. काळाचे अंतर मात्र साडेसहा कोटी वर्षांहून अधिक आहे.

पान म्हटले की हिरवे, पसरट, उन्हात अन्न शिजविणारे अंग आपल्यासमोर उभे राहते. परंतु वनस्पतीच्या देहावर अशी पुष्कळ पर्णे असतात की ज्यांनी अन्न सिद्ध करण्याचे कार्य एक तर कधी पत्करलेच नाही किंवा पत्करून सोडून दिले. ती आकाराने लहान, बहुधा देठावाचून खोडाला चिकटलेली, कित्येकदा तपकिरी किंवा पांढुरकी आणि पातळ असतात, आणि त्यांना वनस्पतिशास्त्रात शल्कपर्णे म्हणतात. हा खवला म्हणजे साल नव्हे, लव नव्हे, तर खरोखर पानच, हे ठरविण्याची कसोटी जर्मन कवी आणि निसर्गाभ्यासक ग्यॉटे याच्या काळापासून चालत आली आहे. त्याने १७९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींच्या रूपांतरावरील छोटेखानी ग्रंथात असे प्रतिपादन केले, की बीजदल, पर्ण, संदल, पाकळी ही सर्व एकाच मूळ अंगाची निरनिराळी रूपे होत. आकार दिशाभूल करतो, रंग दिशाभूल करतो. जागा मात्र खोटी साक्ष देत नाही. जे अंग खोडाच्या पेरावर येते आणि ज्याच्या बेचक्यात डोळा असतो, ते पान. हा नियम एकदा ध्यानी धरला म्हणजे कोणत्याही शेतकऱ्याच्या परसात शल्कपर्णांचे दाखले हवे तितके मिळतात.

हळदीचा गड्डा हातात घ्यावा. त्यावर जी आडवी वर्तुळे दिसतात ती पेरांची, आणि प्रत्येक वर्तुळावर एके काळी कागदासारखे पातळ शल्क चिकटलेले होते; हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करताना ही शल्के आणि मुळ्या घासून निघतात म्हणून बाजारातल्या हळकुंडावर त्यांच्या केवळ खुणा उरतात. गड्डा मुळासारखा जमिनीत वाढत असला तरी तो खोड आहे, याचा निर्णायक पुरावा ही शल्केच देतात, कारण मुळाला पाने येत नाहीत. आल्याचे तसेच. ज्याने शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या छळले त्या मोथ्याचे गाठाळ कंदही आरंभी शल्कांनी वेढलेले असतात, आणि प्रत्येक शल्काच्या आड एक डोळा वाट पाहत असतो. वरचे गवत कितीही खुरपले तरी मोथा हटत नाही तो या झाकलेल्या डोळ्यांच्या जोरावर. उसाच्या कांडीवरील डोळाही असाच लहान शल्कांत गुंडाळलेला असतो. भंडाऱ्याच्या मुलुखात ऊस आणि तलाव ही दोन्ही कोहळी समाजाच्या कर्तबगारीची निशाणी मानली जातात. त्यांनी बांधलेले, आणि मालगुजारी तलाव म्हणून दफ्तरी नोंद झालेले जलाशय आजही या जिल्ह्याची शेते भिजवितात.

या तलावांतील कमळाकडे पाहताना पाण्यावरचे वाटोळे पान आणि त्यावरचा न भिजणारा पृष्ठभाग एवढेच आपल्या लक्षात येते. चिखलात आडवे धावणारे त्याचे खोड, ज्याची आपण कमळकाकडी म्हणून भाजी करतो, ते मात्र क्वचितच कोणी निरखून पाहते. या खोडावर हिरवे पान येण्यापूर्वी दोन शल्कपर्णे येतात, मग एक हिरवे पान, मग पुन्हा दोन शल्के, आणि हा क्रम ते खोड वाढत असेतो मोडत नाही. चिखलातून पुढे घुसणाऱ्या कोवळ्या टोकाला घर्षण सोसावे लागते. ते घर्षण शल्के सोसतात, आणि पानाला सुरक्षितपणे वर पाठवितात.

तथापि या प्रांतात शल्कपर्णाचे सर्वांत भव्य उदाहरण कोणते, असे कोणी विचारील तर मी निःशंकपणे बांबूचे नाव घेईन. पावसाळ्यात बांबूच्या बेटातून जे जाड कोंब वर येतात, ज्यांना पूर्व विदर्भात वास्ते म्हणतात आणि ज्यांची भाजी येथील घराघरांत आवडीने खाल्ली जाते, ते सोलताना एकामागून एक जी चिवट आवरणे काढावी लागतात, ती सारी शल्कपर्णेच. आपल्याकडील भरीव बांबूच्या या आवरणांवर ताठ, टोचणारी लव असते, आणि ती त्वचेला लागली म्हणजे खाज सुटते. हा कोंब खाणाऱ्या जनावराला केलेला अटकाव होय. परंतु त्यांचे खरे कार्य याहून महत्त्वाचे आहे. बांबूचे प्रत्येक कांडे आपल्या तळाशी वाढते. तो तळचा भाग अत्यंत कोवळा, पाणीदार, वरच्या भागाचा भार पेलण्यास असमर्थ असतो, आणि तरीही कोंब दिवसागणिक झपाट्याने उंच होत जातो. हा भार त्या काळापुरता शल्काचे चिवट वेष्टन उचलते. कांडे कठीण झाले, काष्ठमय झाले, की वेष्टन सुटून खाली पडते. बेटाखाली पडलेले असे एखादे वेष्टन उचलून पाहिले तर त्याच्या टोकाशी एक लहानसे त्रिकोणी पाते आढळते; आणि त्याच बांबूच्या फांदीवरचे साधे हिरवे पान पाहिले तर तेथे पाते लांब आणि वेष्टन लहान असते. खालच्या पेरांपासून वरच्या फांद्यांपर्यंत क्रमाने नमुने मांडले तर वेष्टन घटत जाते, पाते वाढत जाते, आणि शल्क व पर्ण यांच्यामधली सरहद्द नेमकी कोठे आखावी हे सांगता येत नाही. ग्यॉटेच्या सिद्धान्ताचा याहून स्पष्ट दाखला शाळेतल्या मुलांना दाखविता येईल असे मला वाटत नाही, आणि तो दाखविण्यासाठी प्रयोगशाळेची गरजही नाही.

पानाने शल्करूप घेण्याची कारणे सर्वत्र सारखी नसतात. शतावरीने आपली पाने शल्के आणि काटे यांच्या रूपात आक्रसून घेतली आणि अन्न करण्याचे काम सुईसारख्या हिरव्या फांद्यांवर सोपविले. ज्यांना आपण तिची नाजूक पाने समजतो ती मुळी पानेच नव्हेत. कांद्यात उलट प्रकार झाला. तेथे शल्क हेच कोठार बनले. पोसलेल्या कांद्याचे बाहेरचे पापुद्रे आणि त्यांच्या आतील जाड पाकळ्या या हिरव्या पातीचे तळ होत, परंतु अगदी गाभ्यातील जाड शल्कांना पात अशी कधी फुटलेलीच नसते. बोरी-बाभळींवर पिवळ्या धाग्यांचे जाळे टाकणाऱ्या अमरवेलीने तर पान हा प्रकारच जवळपास सोडून दिला आहे: दुसऱ्याच्या देहात शोषकांकुर रोवून आयते अन्न मिळत असता पाने बाळगण्याचे तिला प्रयोजन नाही, म्हणून तिच्या अंगावर केवळ भिंगाखाली दिसतील असे खवले शिल्लक आहेत. तंबाखूच्या मुळांवर वाढणाऱ्या बंबाखूची स्थिती हीच.

कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवण्यासाठी ज्याची लागवड झाली त्या सुरूच्या झाडाचे उदाहरण मात्र थोडे थांबून पाहण्याजोगे आहे, कारण पुढे जीवाश्मांचा विचार करताना ते उपयोगी पडणार आहे. सुरूची लोंबती हिरवी सुई ही वस्तुतः फांदी असते. ती दोन्ही टोकांना धरून ओढली तर जागोजाग सांध्यावर तुटते, आणि प्रत्येक सांध्यावर सहा ते आठ अतिसूक्ष्म शल्के एका वर्तुळात, तळाशी परस्परांना जोडलेली, दिसतात. फांदीवरील उभ्या खाचांत पर्णरंध्रे दडलेली असल्यामुळे खाऱ्या वाऱ्यात पाण्याचा व्यय कमी होतो. नदीपात्रातील झाऊ आपल्या शल्कांवाटे जास्तीचे मीठ बाहेर टाकतो. घरांच्या अंगणात लावलेली मोरपंखी ही सुरूप्रमाणे सपुष्प नव्हे, ती शंकुधारी वर्गातली. तिच्या चपट्या डहाळ्यांवर हिरवी शल्के एकावर एक अशी बसलेली असतात, की उतरत्या छपरावरील कवेलूंची आठवण व्हावी.

आता प्रश्न असा उपस्थित होतो, की पानाचे मूळ रूप कोणते? मोठे पान आधी आणि शल्क ही त्याची आक्रसलेली अवस्था, की शल्क आधी आणि पान हा त्याचा विस्तार? याचे उत्तर खडकांतूनच मिळू शकते, आणि ते एकेरी नाही. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या गावाजवळ सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा एक गारगोटीमय खडक आहे. उष्ण झऱ्यांच्या सिलिकायुक्त पाण्याने तेथील दलदलीतील वनस्पती पेशी-पेशीनिशी दगडात जतन करून ठेविल्या. त्यांपैकी अस्टेरोझायलॉन या वनस्पतीच्या खोडावर दाट खवले आहेत. परंतु खोडातून निघालेली वाहिनी खवल्याच्या पायथ्याशी येऊन थांबते, आत शिरत नाही. म्हणजे येथे शल्क हा ऱ्हास नसून आरंभ आहे. पसरट पाने व्हायला पुढे कोट्यवधी वर्षे का लागली, याविषयी बीअरलिंग, ऑसबोर्न आणि चालोनर यांनी २००१ मध्ये अशी उपपत्ती मांडली, की त्या काळी हवेत कर्बवायू विपुल असल्याने वनस्पतींना पर्णरंध्रे थोडी असत, आणि रंध्रे थोडी असलेले पसरट पान उन्हात बाष्पीभवनावाचून तापून मेले असते. हवेतील कर्बवायू ओसरला, रंध्रे वाढली, तेव्हा पान रुंद होऊ शकले. युरोप-अमेरिकेच्या कोळशाच्या खाणींत ज्याचे खवलेदार बुंधे मिळतात तो लेपिडोडेंड्रॉन मात्र या मालिकेत बसवू नये. त्याच्या बुंध्यावरील चौकटी म्हणजे गळून गेलेल्या लांब पानांच्या उशा होत, शल्कपर्णे नव्हेत.

दिघोरीच्या आसपास खडक फोडून असे काही हाती लागेल अशी आशा मात्र कोणी धरू नये. भंडारा जिल्ह्याचा हा भाग साकोलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिप्राचीन रूपांतरित खडकांचा असून, ते खडक घडले तेव्हा जमिनीवर वनस्पती अस्तित्वातच नव्हत्या. वनस्पतींचे जीवाश्म पाहण्यासाठी पश्चिमेस नागपूरकडे किंवा दक्षिणेस चंद्रपूरकडे जावे लागते, जेथे गोंडवनकालीन कोळसा आणि वालुकाश्म यांचे थर आहेत.

या थरांतील वनस्पतींची पहिली भरीव नोंद ज्याच्यामुळे झाली तो स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश धर्मोपदेशक १८४५ मध्ये नागपुरास आला. भोसल्यांचे राज्य अजून उभे होते. १८५४ मध्ये ते खालसा होऊन भंडाऱ्यासह सारा मुलूख कंपनी सरकारच्या अमलाखाली गेला. धर्मप्रचार आणि शाळा सांभाळून हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर हे आसपासच्या टेकड्या आणि खाणी धुंडाळीत. १८५५ मध्ये त्यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर आणि जीवाश्मांवर लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि कामठी परिसरातील वालुकाश्मांतून त्यांनी मिळविलेल्या वनस्पतींचे वर्णन चार्ल्स बनबरी याने १८६१ मध्ये केले. १८६३ मध्ये टाकळघाटनजीकची दगडी वर्तुळे पाहून परत येत असता बोरीजवळ नाल्याला आलेल्या पुरात हिस्लॉप बुडून मरण पावला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. आणि त्या खडकांतील एका लांब, पट्ट्यासारख्या पानालाही बनबरीने त्याचेच नाव दिले आहे.

बनबरीच्या वर्णनात फायलोथेका या वनस्पतीचा समावेश आहे. तिचे खोड सांधेदार, आणि प्रत्येक सांध्यावर पाने वर्तुळात, तळाशी जुळून झालेली एक लहानशी म्यान आणि वर सुटी टोके, अशी असतात. सुरूची डहाळी ज्याने कधी सांध्यावर मोडून पाहिली आहे त्याला हा ठसा पाहताक्षणी ओळखीचा वाटेल. आणि तरीही या दोहोंत रक्ताचे नाते नाही, कारण फायलोथेका ही आजच्या एक्विसेटमच्या गोतातली, बीजरहित, आणि सुरू हा सपुष्प वृक्ष. एकच रूप निसर्गाने कोट्यवधी वर्षांच्या अंतराने दोन निराळ्या वंशांत घडविले. जीवाश्म वाचणाऱ्याने रूपावर विसंबून नाते ठरविण्याची घाई करू नये, हे या जोडीइतके चांगले दुसरे कोणी शिकवीत नाही.

परंतु गोंडवनाच्या खडकांतील खरा नायक ग्लॉसोप्टेरिस. जिभेच्या आकाराचे, मध्यभागी ठळक शीर आणि दोहों बाजूंस शिरांचे जाळे असलेले हे पान भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका अशा सर्व दक्षिण भूखंडांच्या खडकांत मिळते. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने अखेरपर्यंत ओढून आणलेल्या सुमारे सोळा किलो दगडांतही त्याची पाने होती. फ्रेंच शास्त्रज्ञ अडॉल्फ ब्राँन्यार याने १८२८ मध्ये त्याला नाव दिले ते नेचा समजून, आणि शंभरावर वर्षे ते नेचाच समजले गेले, कारण पाने हजारोंनी मिळत, पण त्यांना बीजे कोठे लागत हे कोणाला दिसत नव्हते.

या पानांच्या सोबत, त्याच थरांत, त्रिकोणी किंवा शंकरपाळ्यासारख्या आकाराचे लहान लहान शल्कांचे ठसेही मिळत. कलकत्त्याच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात १८७५ ते १८८३ या काळात काम केलेल्या ओटोकार फाइस्टमांटेल याने गोंडवनाच्या वनस्पतींचे जे विस्तृत ग्रंथ सिद्ध केले, त्यांत यांची चित्रे आहेत. शिरांचे जाळे ग्लॉसोप्टेरिसच्या पानासारखेच, परंतु मधली शीर नाही किंवा अंधुक. यांतील काही शल्के हिवाळ्यात कळी झाकून ठेवणारी असावीत, आणि हे अनुमान त्या काळच्या हवामानाशी जुळते: आपला भूभाग तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बाजूस उच्च अक्षांशांत होता, त्याआधीच्या हिमयुगात हिमनद्यांनी ओरखडलेला खडक चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ आहे, आणि ग्लॉसोप्टेरिसच्या खोडांतील ठळक वाढवलये व थरांत एकदम साचलेली पाने यांवरून ही झाडे ऋतुमानाप्रमाणे पाने गाळीत असे मानतात. ज्या झाडाला पाने गाळून थंडी काढायची आहे, त्याला कळीवर शल्कांचे पांघरूण हवेच.

काही शल्के मात्र याहून महत्त्वाची निघाली. दक्षिण आफ्रिकेत अलेक्झांडर द्यु ट्वा याने १९३२ मध्ये एरेटमोनिया या नावाने अशा शल्काचे वर्णन केले की ज्याला परागकोशांचे झुबके लागलेले होते. १९५२ मध्ये एड्ना प्लमस्टेड यांनी ग्लॉसोप्टेरिसच्या प्रत्यक्ष पानाला जडलेली फलांगे दाखविली आणि नेच्याचा दावा निकालात निघाला. १९५८ मध्ये हॅमशॉ टॉमस यांनी नाताळमधून लिजेटोनियाचे वर्णन केले: लहानसे शल्कसदृश पान आणि त्यावर देठांनी लटकलेल्या बीजधारी चकत्या. भारतात लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पतिविज्ञान संस्थेत के. आर. सुरंगे आणि शैला चंद्रा यांनी या फलधारी शल्कांचा चिकाटीने अभ्यास केला, आणि ओडिशातील हंडपा येथून डेंकानिया हा प्रकार प्रकाशात आणला, ज्यात एका शल्कपर्णावर सहाएक देठ आणि प्रत्येक देठाच्या टोकाला बीज झाकणारी वाटी आहे. हंडपाचे ते खडकही कामठी याच नावाने ओळखले जातात. नागपूरजवळच्या एका छावणीच्या गावाचे नाव थेट ओडिशापर्यंत पोहोचले आहे.

एक अडचण मात्र येथे प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. शल्क सुटे मिळते, पान सुटे मिळते, खोड निराळे, मूळ निराळे. म्हणून प्रत्येक सुट्या अवयवाला निराळे नाव द्यावे लागते, आणि एकाच झाडाच्या अवयवांना चार-पाच नावे पडतात. ही तूर्तातूर्त व्यवस्था आहे. जोडलेला नमुना मिळाला म्हणजे दोन नावांचे नाते सिद्ध होते. असे असता संग्राहकाने खाणीच्या मलब्यातून केवळ मोठे, देखणे पान उचलावे आणि शेजारचा नखाएवढा खवला टाकून द्यावा, हे मला फार खेदाचे वाटते. उमरेड, कामठी आणि चंद्रपूरच्या खाणपट्ट्यांत कोळशावरचा खडक रोज उलथला जातो, आणि बीज कोठे लागत होते याचा पुरावा पानात नसून त्या खवल्यात आहे.

गोंडवनाच्या वरच्या, डायनोसॉरांच्या काळच्या थरांत शल्कांचा कारभार शंकुधारी वृक्षांकडे जातो. ब्रॅकिफायलम नावाच्या डहाळ्या राजमहाल, जबलपूर आणि कच्छच्या खडकांत आढळतात. त्यांची जाड, आखूड पाने फांदीला इतकी चिकटलेली असतात की पानाच्या सुट्या भागाची लांबी त्याच्या बैठकीच्या रुंदीहूनही कमी भरते. आणि त्यानंतर, दख्खनच्या लाव्हाचे लोट उसंत घेऊन वाहत असता मधल्या काळात जी तळी साचली, त्यांच्या गाळात नागपूरच्या टाकळीचे जीवाश्म बनले. हिस्लॉप आणि हंटर यांनी येथूनच फळे आणि बिया गोळा केल्या होत्या. टाकळी आज शहरात सामावली आहे. तेथील सिलिकामय शंकूंचे परीक्षण करून बिरबल साहनी यांनी १९३१ मध्ये टाकलिओस्ट्रोबस आणि इंडोस्ट्रोबस या दोन शंकूंचे वर्णन केले; दुसऱ्याचे खवले टोकाशी दुभंगलेले आहेत. विदर्भाच्या रानात आज एकही शंकुधारी वृक्ष आपण होऊन वाढत नाही.

शंकूचा खवला हा शल्कपर्ण म्हणावा का, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकभर वाद झाला. स्वीडनचे रुडॉल्फ फ्लोरिन यांनी १९३८ ते १९४५ या काळात प्राचीन शंकुधाऱ्यांवर जो प्रचंड ग्रंथ खंडशः प्रसिद्ध केला, त्याने त्याचा निवाडा झाला: सर्वांत जुन्या शंकूंत सहपत्राच्या बेचक्यात एक आखूड फांदी असते, तिच्यावर कित्येक बारीक खवले असतात आणि त्यांपैकी काहींना बीजे लागतात, पुढील वंशांत ही सारी फांदी दबून, जुळून एका चपट्या खवल्यासारखी झाली. म्हणून देवदार-चीडच्या शंकूत बीज धरणारा खवला हा पान नसून आक्रसलेली फांदी आहे, आणि खरे शल्कपर्ण म्हणजे त्याच्याखाली दडलेले लहानसे सहपत्र. याची खूण आतल्या वाहिनीपुंजांत सापडते. सहपत्रात त्यांची जी बाजू वर असते ती बीजधारी खवल्यात खाली जाते. खडकावरील नुसत्या ठशात बाह्यरेषा आणि शिरा उमटतात, पुंजांची ही उलटापालट उमटत नाही. ती पाहण्यासाठी टाकळीच्या शंकूंसारखा, पेशींसकट दगड झालेला नमुना कापून, घासून, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो.